संगणकाचा वीजपुरवठा निवडताना

सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेताना ग्राहकाचे सारे लक्ष प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डावर खिळलेले असते. खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला की काटछाट होते ती बहुधा एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटसोबत स्वस्तात मिळणारा डबा 'चालेल' म्हणून स्वीकारला जातो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मात्र हीच काटकसर महागात पडण्याचा धोका अधिक असतो.

याचे मूळ येथील शेतीत आहे. नीरा डावा कालवा आणि उजनी धरणाचा फुगवटा यांच्या आधाराने या भागात ऊस बहरला आणि त्याबरोबर कृषिपंपही वाढले. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. ती येताच ऑटोस्विच लावलेले पंप एकाच वेळी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि व्होल्टेज कोसळते. पंपाला ऑटोस्विच नको, कपॅसिटर लावा, असे आवाहन महावितरण करते ते यासाठीच. घरगुती वीज 230 व्होल्टची असते. लघुदाब ग्राहकांसाठी 1956 च्या भारतीय वीज नियमांनी सहा टक्के चढउताराची, म्हणजे सुमारे 216 ते 244 व्होल्टची मर्यादा घातली होती. वाहिनीच्या टोकाला असलेल्या वाडीवस्तीवर ती नेहमी पाळली जाईलच असे नाही.

भिंतीतून येणाऱ्या या विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यात रूपांतर करणे हे एसएमपीएसचे काम. येणारे व्होल्टेज उतरले की तेवढीच शक्ती देण्यासाठी त्याला अधिक प्रवाह ओढावा लागतो व तो तापतो. त्यामुळे खरेदीपूर्वी डब्यावरील 'इनपुट' ही ओळ वाचावी. 200 ते 240 व्होल्ट लिहिलेल्या पुरवठ्यापेक्षा 100 ते 240 व्होल्ट लिहिलेला पुरवठा अशा भागात अधिक भरवशाचा.

दुसरी ओळ 12 व्होल्टची. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सारी वीज याच व्होल्टेजवर घेतात. तेथे लिहिलेल्या अँपिअरला 12 ने गुणावे. डब्यावर ठळक अक्षरांत '450 वॉट' असूनही हा गुणाकार 250 भरत असेल, तर त्या 450 ला फारसा अर्थ नाही.

किती वॉट पुरेत? 65 वॉटचा प्रोसेसर ताणाखाली 90 पर्यंत जाऊ शकतो. 115 वॉटचे ग्राफिक्स कार्ड आणि इतर भागांसाठी 50 वॉट धरल्यास बेरीज 255 होते. त्यासाठी चांगल्या दर्जाचा 450 वॉटचा पुरवठा पुरेसा आहे. मोठा एसएमपीएस घेतल्याने वीजबिल वाढत नाही. संगणकाला लागते तेवढीच वीज तो ओढतो. 2004 मध्ये सुरू झालेली '80 प्लस' ही खूण कार्यक्षमतेची पावती देते; संरक्षण आणि हमीची वर्षे मात्र वेगळी पाहावी लागतात.

यूपीएसचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. 255 वॉटसाठी भिंतीतून सुमारे 300 वॉट घेतले जातात. मॉनिटर धरून 330. बाजारातील 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॉटच पेलतो, म्हणून 1000 व्हीएचा घेणे शहाणपणाचे. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर अडखळतात. तेव्हा दोन्ही वस्तू जोडून, संगणक पूर्ण भारावर चालवून आणि मुख्य बटण बंद करून दुकानातच परीक्षा घ्यावी.

शेवटची बाब अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर बहुतेक वेळा दोष संगणकाचा नसून अर्थिंगच्या तारेचा असतो. ती तपासण्याचे काम जाणकार वायरमनकडेच सोपवावे. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक दाब काही काळ टिकून राहतो.

बिघडलेला एसएमपीएस बदलता येतो. त्याच्यासोबत मदरबोर्ड वा हार्ड डिस्क गेली, तर दुकानाचे वर्षभराचे हिशेब किंवा विद्यार्थ्याचा प्रकल्पही जाऊ शकतो. अंदाजपत्रकात कपात करायचीच असेल, तर ती आधी ग्राफिक्स कार्डात करावी.