खुराड्याभोवतीची सावली

परसातील कुक्कुटपालन म्हटले की पिले, लस आणि खाद्य यांचाच विचार प्रथम होतो. छत्रपती संभाजीनगर येथे शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र असल्याने पिलांची सोय आहे. परंतु वैशाखात पारा ४० अंशांवर गेला की पत्र्याच्या खुराड्यातील पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकू लागतात. कोंबडीला घाम येत नाही. धापेवाटेच ती अंगातील उष्णता बाहेर टाकते. अशा दिवसांत अंडी घटतात, कवच पातळ होते, प्रसंगी पक्षीही दगावतात. आणि अंड्यांचे ते चार पैसे बहुधा घरातील गृहिणीच्या हाती येणारे असतात.

यावर झाडाइतका स्वस्त उपाय नाही. रानकोंबडी ही मुळात झुडपांच्या आडोशाने वावरणारी. तिच्या वंशजांनाही उघडे अंगण मानवत नाही, घारीचे भय तर असतेच. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि पश्चिमेस शेवगा लावावा. तो फांदी रोवूनही येतो, लवकर वाढतो, त्याचा पाला कोंबड्या आवडीने खातात आणि शेंगा घरात येतात. कडूनिंबाची सावली अधिक गडद. मात्र त्यासाठी धीर हवा. बुंध्याशी दाट झुडपे वाढू देऊ नयेत, कारण वारा अडतो आणि मुंगसाला दबा धरण्यास जागा मिळते.

शोभेसाठी लावलेली कण्हेर, कुंपणाची घाणेरी आणि एरंडाच्या बिया विषारी आहेत. सुबाभळीचा पाला जनावरांना चालतो म्हणून कोंबड्यांना घातला जातो. त्यातील मायमोसिन त्यांना अपायकारक ठरते.

रोप लावण्यापेक्षा ते जगविणे कठीण, कारण कोंबड्या आळे उकरतात. बुंध्याभोवती दगड रचावेत अथवा काटे लावावेत. ताजी विष्ठा मुळाशी टाकू नये, रोप करपते. ती कुजवूनच घालावी. मराठवाड्यात रोपासाठी वेगळे पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न रास्तच आहे. मोरीचे सांडपाणी आळ्याकडे वळविले तरी पुष्कळ काम भागते.

एक दक्षता मात्र हवी. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला होता. रानपाखरांच्या विष्ठेतून असे रोग येऊ शकतात. म्हणून पाण्याचे व खाद्याचे भांडे फांदीखाली न ठेवता छपराखालीच ठेवावे. शेवग्याची फांदी मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर रोवल्यास ती सहज मूळ धरते.