भांग : हिंदू उपासनेतील स्थान
भांग : (सं. भङ्गा, विजया, सिद्धी, संविदा, इंद्राशन, हिं. भांग, बूटी, लॅ. कॅनाबिस सॅटिव्हा, कुल–कॅनाबिनेसी). शिवोपासना, शाक्त तंत्रमार्ग आणि काही साधुसंप्रदाय यांच्या आचारांत स्थान मिळालेली एक मादक वनस्पती व तिच्या पानांपासून केलेले पेय. एकाच झाडापासून तीन पदार्थ मिळतात. पाने म्हणजे भांग, मादी-झाडाचे राळयुक्त फुलोरे म्हणजे गांजा व त्यांवरील राळ म्हणजे चरस. उपासनेत तिघांचे स्थान सारखे नाही. भांग देवाला अर्पण होते व प्रसाद म्हणून प्राशन केली जाते, तर गांजा व चरस हे मुख्यतः साधूंच्या धूम्रपानाचे पदार्थ होत.

ताग, शण व भांग : या विषयाच्या विवेचनात नामसाम्यामुळे बराच घोटाळा झालेला आहे. इंग्रजी व्यापारी कागदपत्रांत एकाच नावाने ओळखल्या गेलेल्या तंतुवनस्पतींत ताग वा शण (क्रोटॅलॅरिया जंशिया) व अंबाडी (हिबिस्कस कॅनाबिनस) यांचाही समावेश होतो. परंतु या दोहोंत मादक द्रव्य नाही. मनुस्मृतीत उपनयनाच्या वेळी वैश्य बटूने शणाच्या धाग्यांची मेखला धारण करावी, असे सांगितले आहे. त्या शणाचा भांगेशी संबंध जोडणे बरोबर नाही. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार पूर्वी ज्याची जाळी विणीत, तो तागही हाच. म्हणून जुन्या नोंदींत ‘शण’ वा ‘ताग’ आढळला, की तेथे भांगेचा वापर होता असे अनुमान काढता येत नाही.

प्राचीन उल्लेख : अथर्ववेदातील एका सूक्तात (११·६) सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांना संकटातून मुक्त करण्याची प्रार्थना केली आहे. त्यांत दर्भ व यव यांच्याबरोबर ‘भंग’ येतो. येथे भांगेचे झाड अभिप्रेत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात; तथापि ते मादक म्हणून वापरले जात होते, असे या मंत्रावरून सिद्ध होत नाही. पाणिनीच्या सूत्रांत तीळ, उडीद, जवस यांच्यासमवेत भंगेच्या शेताचा वाचक शब्द साधलेला आहे. त्यावरून ते शेतातील एक पीक होते, एवढे निश्चित म्हणता येते. सोम म्हणजेच भांग, असे मत १९२१ मध्ये बी. एल. मुखर्जी यांनी मांडले होते. परंतु ते विद्वानांत रूढ झाले नाही.

मादक व औषधी गुणांचे निःसंदिग्ध वर्णन बरेच उशिरा, मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत मिळते. शार्ङ्गधरसंहितेत (सु. १३००) भांग व अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची, म्हणजे पचनापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांची, उदाहरणे म्हणून दिली आहेत. शिव आणि भांग यांचे नाते अतिप्राचीन मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. पण लिखित पुरावा पाहता ते मध्ययुगात दृढ झाले असावे.

तंत्रमार्गातील विधी : शाक्त तंत्रांत भांगेला ‘विजया’ वा ‘संविदा’ म्हणतात. संविद् म्हणजे ज्ञान वा चैतन्य. नावातूनच तिच्याकडे पाहण्याची दृष्टी स्पष्ट होते. अठराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या महानिर्वाणतंत्रात देवीपूजेपूर्वी संविदेची मंत्रांनी शुद्धी करण्याचा विधी आहे. साधक ती प्रथम गुरू व देवता यांना मनोमन अर्पण करतो आणि नंतर स्वतः प्राशन करतो. असंस्कारित द्रव्य हे व्यसन व मंत्रसंस्कारित द्रव्य हे साधन, हा भेद येथे मूलभूत आहे. बंगालमध्ये विजयादशमीला देवीच्या विसर्जनानंतर ‘सिद्धी’ प्राशन करण्याची चाल या परंपरेशी जुळणारी आहे.

शिवोपासना : पूजेच्या नेहमीच्या षोडशोपचारांत भांगेचा समावेश नाही. बेल, धोतऱ्याचे फूल, भस्म व जलाभिषेक ही शंकराच्या पूजेची सर्वमान्य द्रव्ये होत. भांगेचे अर्पण हा लोकाचार असून त्याचे मुख्य निमित्त महाशिवरात्र हे आहे. हलाहल प्राशन केलेल्या शंकराचा दाह शमावा म्हणून भांग वाहतात, अशी लोकसमजूत आहे. उत्तर भारतात, विशेषतः वाराणसी येथे, महाशिवरात्र व होळी या दिवशी भांगमिश्रित थंडाई घेतली जाते. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगावर भांगेचा लेप देऊन मुखवटा साकारतात. त्यास ‘भांग-शृंगार’ म्हणतात. हे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले.

पेय तयार करताना पाने धुऊन पाट्यावर बारीक वाटतात. त्यांत बडीशेप, मिरी, खसखस, बदाम व साखर घालून दूध मिसळतात. यामागे रासायनिक कारणही आहे. भांगेतील मुख्य मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (१९६४ मध्ये इझ्राएलमधील गाओनी व मेकूलम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला) पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतो. दूध-तुपाची योजना करणाऱ्यांना हे अनुभवाने उमगलेले होते. धूम्रपानाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. प्यालेल्या भांगेचा अर्ध्या ते दोन तासांनी जाणवतो व अधिक काळ टिकतो. या विलंबामुळेच नवखा मनुष्य परिणाम झाला नाही असे समजून पुन्हा प्राशन करतो आणि त्यास भ्रम, भीती, हृदयाची धडधड, वांत्या इ. त्रास होतो. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असणाऱ्या व्यक्ती यांना धोका अधिक असतो. प्रसाद म्हणून दिल्याने हे गुणधर्म बदलत नाहीत.

महाराष्ट्र व कोकण : गोव्यात १५३४ पासून वास्तव्य केलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात ती खाण्या-पिण्याचा पदार्थ म्हणून येते. तिचे धूम्रपान तंबाखूनंतरचे असावे. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आली. विजापुरात मिळालेली तंबाखू असद बेगने सु. १६०४ मध्ये अकबराला नजर केली, अशी नोंद आहे. साधूची चिलीम ही पुरातन वाटत असली, तरी तिचा प्रसार यानंतरच्या काळातील होय. सतराव्या शतकात तुकारामांनी एका अभंगात तंबाखू व भांग यांच्या आहारी गेलेल्या नामधारी संतांवर कठोर टीका केली आहे. तुळशीची माळ धारण करणाऱ्या वारकरी संप्रदायाने मादक पदार्थ वर्ज्य मानले. त्यामुळे महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेच्या मुख्य प्रवाहात भांगेला स्थान मिळाले नाही.

कोकणातील ग्रामदेवतांच्या उपासनेत नारळ हेच प्रमुख अर्पण आहे. गाऱ्हाणे घालताना तोच देवापुढे ठेवतात. रत्नागिरीलगत काजळी नदीच्या मुखापाशी वसलेले भाट्ये हे गाव या दृष्टीने प्रातिनिधिक म्हणता येईल. तेथे झरी विनायकाचे मंदिर असून १९५५ मध्ये स्थापन झालेले नारळ संशोधन केंद्रही आहे. गणपतीला दूर्वा, विष्णूला तुळस, शंकराला बेल आणि सर्वच देवतांना नारळ, अशी ही वनस्पतींची वाटणी असून मादक वनस्पतीवाचून तिच्यात काहीही उणे राहत नाही.

महाराष्ट्रात गांजाचे दर्शन ठळकपणे घडते, ते त्र्यंबकेश्वर-नासिक येथील सिंहस्थ पर्वात (२००३, २०१५). शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी व वैष्णव आखाडे नासिक येथे स्नान करतात. शैव साधूंमध्ये धुनीभोवती बसून, ओली साफी गुंडाळलेली चिलीम शंकराचे नाव घेऊन ओढण्याची व ती एकमेकांना देण्याची रीत आहे. वैराग्य, थंडी-भूक सोसणे आणि ध्यान यांसाठी ती उपयुक्त असल्याचे साधू सांगतात. मात्र सर्व साधू तिचे सेवन करतात, हा समज खरा नाही. अनेक संन्यासी ती त्याज्य मानतात.

चौकशी आयोग : गांजावर पूर्ण बंदी घालावी काय, हा प्रश्न डब्ल्यू. एस. केन यांनी १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत उपस्थित केला. त्यावरून डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड प्रामुख्याने तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात होत असे. अहवालास मुंबईचे अधिकारी जे. एम. कॅम्बेल यांचे भांगेच्या धर्माविषयीचे टिपण जोडलेले आहे. रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीच्या खंडासह (१८८०) मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक तेच होत. ताप उतरावा म्हणून लिंगावर भांग ओतण्यासारख्या समजुती त्यांनी नोंदविल्या असून, या पवित्र मानलेल्या वनस्पतीवर बंदी घातल्यास लोकांना दुःख होईल, असे मत मांडले आहे. धर्माने गांजा आवश्यक ठरविल्याचे ठळक उदाहरण आयोगाला पूर्व बंगालमधील त्रिनाथपूजेत आढळले; इतरत्र हा आचार रूढीचा होता. संपूर्ण बंदी अनावश्यक असून कर व परवाने यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कॅम्बेल यांचे टिपण आस्थेने लिहिलेले असले, तरी त्यावरून सर्व हिंदू समाजाचा आचार ठरविणे योग्य नाही.

कायदा : १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात केवळ पाने ‘कॅनाबिस’च्या व्याख्येबाहेर ठेवण्यात आली. भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातही फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. चरस व गांजा मात्र निषिद्ध आहेत. त्यामुळे भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या राज्यांत तिची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय भांग बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. साधूंच्या गांजासाठी कायद्यात वेगळी सवलत नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. विधीतील भांग आणि व्यसनातील भांग यांत तंत्रग्रंथांनी मंत्राने केलेला भेद कायद्याला मान्य नाही. तो झाडाच्या पानाफुलांवरून व परवान्यावरून भेद करतो.