गारठ्यात आणि दमट हवेत रुसणारे इंजिन

थंड किंवा दमट हवेत पेट्रोल मोटार सुरू होत नसेल, तर किल्ली फिरवल्यावर स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी विद्युत मोटर, कशी फिरते याकडे प्रथम लक्ष द्यावे. ती जड, रेंगाळत फिरत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढुरक्या-हिरवट क्षारांत असतो. कारण थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्याने अधिक जोर लागतो. विश्रांत अवस्थेत पूर्ण भारित बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, तर 12.2 च्या आसपासचे माप ती निम्मी रिकामी झाल्याचे सुचवते.

स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर ठिणगी व इंधनपुरवठा तपासावा लागतो. स्पार्क प्लगला हजारो व्होल्टचा दाब लागत असल्याने जुन्या गाड्यांतील वायरींच्या तडकलेल्या आवरणावर ओल धरली, की वीज प्लगपर्यंत न पोहोचता बाहेरच निसटते आणि अंधारात बॉनेटखाली निळसर ठिणग्या दिसतात. अशा वेळी वायरींना हात न लावता किल्ली बंद करावी, त्या कोरड्या पुसाव्यात आणि तडकलेल्या वायरी बदलून घ्याव्यात.