आजचा प्रश्न : अम्मीचे नाव यादीत कसे लिहिले आहे?

भंडारा जिल्ह्यातील इतर शाळांप्रमाणे आमच्याही शाळेत परिपाठात प्रतिज्ञा आणि दिनविशेष झाला की फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचा प्रश्न' लिहिला जातो. निवडणुकीचा विषय असला की मुलांची उत्तरे तोंडपाठ असतात. निवडणूक आयोगाची स्थापना कधी झाली? 25 जानेवारी 1950. बोटाला लावायची शाई कुठे तयार होते? म्हैसूरला. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त कोण? सुकुमार सेन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक कधी लढवली? 1954 साली. या शेवटच्या प्रश्नाला तर अर्धा वर्ग हात वर करतो, कारण गाव आपले आहे.

पण ही सगळी उत्तरे गाइडमध्ये सापडतात. म्हणून आम्ही शिक्षकांनी ठरवले की एक आठवडा असे प्रश्न द्यायचे, ज्यांची उत्तरे घरच्या कपाटात, अम्मीच्या पिशवीत किंवा दादीच्या पेटीत शोधावी लागतील. मुलांनी जी उत्तरे आणली, त्यांवरून घरोघरी अडचणी सारख्याच असल्याचे दिसले. म्हणून ते सहा प्रश्न येथे देत आहोत.

सोमवार : घरात मतदार ओळखपत्र आहे, म्हणजे मत देता येते का?

जवळजवळ सर्वांनी 'हो' लिहून आणले. बरोबर उत्तर 'नाही' असे आहे. ओळखपत्र फक्त तुम्ही कोण आहात ते सांगते. मत देता येते ते मतदार यादीत नाव असल्यामुळे. फोटोचे ओळखपत्र 1993 मध्ये टी. एन. शेषन यांच्या काळात सुरू झाले. त्याआधीही लोक मत देतच होते, ते यादीच्या आधारावर. कार्ड हरवले आणि यादीत नाव असेल तर मार्ग निघतो. कार्ड हातात आहे आणि नाव वगळले गेले असेल, तर केंद्रावर कोणीही काही करू शकत नाही. नाव आहे की नाही हे 1950 या क्रमांकावर, आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा आपल्या भागातील बीएलओकडे पाहता येते.

मंगळवार : मतदानाच्या दिवशी कार्ड सापडले नाही तर काय न्यावे?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मतदार कार्डाऐवजी पुढील कागद चालत होते : आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, बँक किंवा पोस्टाचे फोटो असलेले पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रे, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड, सरकारी नोकरीचे ओळखपत्र आणि आणखी काही. मुलांनी या यादीत रेशन कार्ड लिहिले होते. ते यात नाही. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठीही 2019 पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. चिठ्ठीवर केंद्र आणि अनुक्रमांक सापडतो, तेवढाच तिचा उपयोग. नगर परिषद आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या वेळी कोणते पुरावे चालतील हे तो आयोग जाहीर करतो, ते वेगळे पाहावे.

हा नियम लहान वाटतो, पण तो माहीत नसल्याची किंमत मोठी असते. इंग्लंडमध्ये 2023 च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा फोटो ओळखपत्र सक्तीचे झाले. तेव्हा सुमारे 14,000 लोक केंद्रावरून परत गेले आणि पुन्हा आलेच नाहीत.

बुधवार : अम्मीचे नाव कार्डावर, आधारवर आणि यादीत सारखेच लिहिले आहे का?

सगळ्यात जास्त गोंधळ याच दिवशी झाला. एकाच बाईचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'जुबेदा', आधारवर 'झुबैदा' आणि मतदार यादीत 'जबेदा'. उर्दू शिकवणाऱ्यांना याचे नवल वाटत नाही. उर्दूत 'ज़' या एका आवाजासाठी ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. मराठीत नुक्ता लिहीत नाहीत, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या कानाला जे वाटेल ते, 'ज' किंवा 'झ', कागदावर उतरते. पुढे तेच नाव इंग्रजीत जाते आणि संगणक ते परत मराठीत आणतो. या फेऱ्यांत रजिया कधी रझिया होते, तर कधी राजिया.

आपल्या विदर्भात दुसरीही एक अडचण आहे. 'शेख रहीम शेख करीम' अशी नावे लिहिण्याची आपली रीत. अर्जात आडनावाचा रकाना आला की एकाच घरात बापाचे आडनाव 'शेख', मुलाचे 'करीम' आणि सुनेचे 'बी' होऊन बसते.

केंद्रावर याचा फटका बसतो का? आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत : ओळख पटत असेल तर कार्डावरील नावातील किरकोळ लेखनचुका दुर्लक्षित कराव्यात. कार्ड दुसऱ्या विधानसभा मतदारसंघातले असले, तरी त्या केंद्राच्या यादीत नाव असेल तर ते चालते. मात्र कार्डावरचा फोटो जुळत नसेल, तर वर सांगितलेला दुसरा एखादा पुरावा दाखवावा लागतो. तेव्हा एका अक्षराच्या फरकामुळे घाबरून घरी बसू नये. मात्र दुरुस्ती करून घ्यावी. त्यासाठी 'नमुना 8' भरायचा असतो.

नावाचे महत्त्व सांगताना मुलांना एक गोष्ट सांगितली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशी नोंद केली होती. स्वतःच्या नावाशिवाय नोंद होणार नाही, असे सुकुमार सेन यांनी बजावले. तरीही सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर गेली. काही राज्यांत हे जास्त घडले. आज कोणी 'अमक्याची बायको' असे लिहीत नाही. पण स्वतःचे नाव यादीत नेमके कसे आहे, हे घरातील किती स्त्रियांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे?

गुरुवार : लग्न होऊन आलेल्या भाभीचे नाव कुठल्या गावच्या यादीत आहे?

तुमसरची मुलगी पवनीला आली, साकोलीची भंडाऱ्याला गेली. नाव मात्र माहेरीच राहिले. काही घरांत सासरी नवा अर्ज भरून घेतला जातो आणि जुने नाव तसेच राहते. कायद्याने एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असावे लागते, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. 'नमुना 6' पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. घर किंवा गाव बदलले तर 'नमुना 8' भरायचा. कामासाठी नागपूरला कायमचे राहायला गेलेल्या मुलांनाही हाच नियम लागू आहे. घरात कोणाचा इंतकाल झाला असेल, तर ते नाव कमी करण्यासाठी 'नमुना 7' असतो.

शुक्रवार : बुरखा घातलेल्या स्त्रीची ओळख केंद्रावर कशी पटवतात?

हा प्रश्न मुलींनी घरी विचारला, तेव्हा अनेक दादी-नानींनी हातातले काम ठेवून उत्तर ऐकले. काही जणी केवळ याच संकोचाने मतदानाला जात नाहीत. पडदानशीन स्त्रिया जास्त असतील तेथे महिला मतदान अधिकाऱ्याने आडोशाला, त्या स्त्रीची अब्रू राखून ओळख पटवावी आणि शाई लावावी, अशी सूचना केंद्राध्यक्षांच्या पुस्तिकेत आहे. आडोसा कसा करावा तेही त्यात आहे : खाट आणि कापड वापरूनही चालते. ओळख पटवणे नियमानेच आहे, तेव्हा चेहरा दाखवावा लागेल. पण तो महिला अधिकाऱ्यासमोर, आडोशाला दाखवण्याची सोय शांतपणे मागता येते.

शनिवार : आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेले असेल तर?

बहुतेकांनी 'परत यावे' असे लिहिले. परत येऊ नये. ओळख पटल्यावर केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते यंत्रातील मोजणीत धरले जात नाही, वेगळ्या पाकिटात राहते. पण वाद न्यायालयात गेला तर ते कामी येते. एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने तुमच्या ओळखीवर हरकत घेतली, तर त्याला आधी दोन रुपये भरावे लागतात. मग केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. हरकत सिद्ध झाली नाही तर तुम्ही मत देता. मत ही एक गवाही आहे, आणि कोणी दरडावले म्हणून गवाही सोडायची नसते.

आता मोठ्यांसाठी थोडेसे. केंद्रावर ओळख दाखवणे आणि यादीत नाव टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे असू शकतात. बिहारमध्ये 2025 साली यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा सुरुवातीच्या 11 कागदांत आधार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 8 सप्टेंबरला ते ओळखीचा बारावा पुरावा म्हणून घ्यायला सांगितले, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही हेही स्पष्ट केले. 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे 65 लाख नावे नव्हती. ज्यांनी ती यादी वेळेवर पाहिली, त्यांना दावा करता आला. ज्यांनी पाहिली नाही, त्यांना आपले नाव नाही हे कळायलाच उशीर झाला.

म्हणून या जुम्याला, घरातील सगळे एकत्र असताना, एक काम करा. सर्वांची मतदार कार्डे, आधार कार्डे आणि शाळेचे दाखले चटईवर मांडा. घरातील शिकत्या मुलीला प्रत्येक नाव मोठ्याने वाचायला लावा. फरक दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. मग यादीत नाव शोधा, फक्त अब्बूंचे नव्हे, दादीचेही. 17 वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचा अर्ज आगाऊ भरता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण होतील, त्यानुसार नाव लागते. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादी बंद होते. अर्ज दिल्यावर पोच घ्या, आणि ती दाखल्यांच्याच पिशवीत ठेवा.