जपान की केनिया? पंचांग उघडून ठरवायचा प्रवास

महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठांतील आपल्या कुटुंबांना परदेश आता नवा राहिलेला नाही. दुबई, सिंगापूर, थायलंड या वाटा बहुतेकांच्या पायाखालच्या झाल्या आहेत. त्यापुढची मोठी सहल ठरवताना मात्र घरात दोन तट पडतात. तरुण मंडळी जपानचे नाव घेतात, तर लहान मुलांना आणि पुष्कळदा आजोबांनाही केनियाचे हत्ती-सिंह पाहायचे असतात. एकीकडे सेकंदाचा हिशेब ठेवणारी रेल्वे, दुसरीकडे क्षितिजापर्यंत पसरलेले गवत. दोन्हीकडे खर्च भरपूर आणि दुकान बंद ठेवण्याचे दिवस मोजकेच. अशा वेळी छायाचित्रे पाहून ठरवण्यापेक्षा आपले नियम आणि आपले पंचांग समोर ठेवून ठरवावे, असे मला वाटते.

प्रथम सूर्यास्ताचा विचार करू. घरात एकाचेही चौविहार असेल, तर साऱ्या दिवसाची घडी त्याभोवतीच बसवावी लागते. केनिया विषुववृत्तावर आहे. तेथे बारा महिने सूर्य सकाळी साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सायंकाळी साडेसहाच्या आसपास मावळतो. जपानमध्ये ऋतूनुसार फार फरक पडतो. क्योतोतील लाल मेपल पाहण्यासाठी लोक नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जातात, तेव्हा तेथे पावणेपाचलाच सूर्य अस्ताला जातो. म्हणजे चार वाजताच जेवणाच्या शोधात निघावे लागते. मे महिन्यात तोच सूर्यास्त सातच्या जवळ जातो. सहल-कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत ही गोष्ट कधी छापलेली नसते.

जेवणाच्या बाबतीत जपान अधिक कठीण आहे. तेथील बहुतेक रश्शांचा आणि सूपांचा पाया म्हणजे ‘दाशी’. ते पुष्कळदा ‘कात्सुओबुशी’ या वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. ताटात मासा दिसत नाही, म्हणून वाढणारा माणूस प्रामाणिकपणे ‘शाकाहारी’ म्हणतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ या भोजनात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हे वाचून आनंद होतो खरा, पण त्यात मुळा, कमळकाकडी आणि कोन्न्याकूचा कंद सर्रास असतो. तेव्हा कंदमुळांचा त्याग असलेल्यांनी तेथेही विचारूनच जेवावे. दिलासा इतकाच की जवळजवळ प्रत्येक हॉटेलच्या खोलीत पाणी उकळण्याची विजेची किटली असते, त्यामुळे उकळलेल्या पाण्याची चिंता उरत नाही.

कोबे शहराच्या कितानो भागात मात्र मन निवते. तेथे १९८५ साली उभे राहिलेले श्री महावीर स्वामींचे संगमरवरी देरासर आहे. मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थिरावलेल्या आपल्या बांधवांमुळे ते उभे राहिले. क्योतो-ओसाकाहून तेथे रेल्वेने सहज जाता येते.

केनियात तर आपल्या माणसांचा इतिहास पावलोपावली भेटतो. जामनगर परिसरातील हालारी विसा ओसवाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोंबासाच्या किनाऱ्यावर उतरू लागले. पुढे रेल्वेमार्गाच्या कडेने आणि त्याही आत, जेथे दुसरा कोणी जाण्यास धजत नव्हता तेथे, त्यांनी मीठ, साखर, कापड यांची लहान दुकाने थाटली. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’ आणि व्यापाराला ‘बियाशारा’ म्हणतात. नैरोबीच्या बियाशारा स्ट्रीटवरून चालताना महाडच्या व्यापाऱ्याला परके वाटू नये. मोंबासाचे १९६३ सालचे देरासर आणि नैरोबीचे ओसवाल सेंटर यांमुळे दर्शनाची सोय आहे, आणि गुजराती पद्धतीचे भोजन तेथे दुर्मीळ नाही. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा हा समज तेथे उतरताच गळून पडतो.

प्रश्न उरतो तो शिकारीच्या दृश्याचा. मसाई मारामध्ये जुलै ते ऑक्टोबर या काळात लाखो विल्डबीस्ट नदी ओलांडतात आणि मगरी टपून असतात. तेच पाहण्यासाठी गाड्यांची रीघ लागते. निसर्गात जे घडते ते पाहणे ही अनुमोदना नव्हे, हे खरे. पण एखाद्या जिवाच्या मरणाची तासन्‌तास आतुरतेने वाट पाहणे आपल्या घरातील मुलांना काय शिकवील, याचा विचार आई-वडिलांनी करावा. तो काळ तसाही चातुर्मासाचा आहे, पर्युषणही त्यातच येते. शिवाय २०२१ च्या जुलैतील सावित्रीचा महापूर ज्यांनी दुकानात पाहिला, ते महाडकर पावसाळ्यात गोदाम सोडून दूर जातील असे वाटत नाही. भाद्रपदात चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा बाजाराचीही वेळ असते. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीतील कोरड्या हवेत किलिमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेलीत हत्तींचे कळप पाहावेत. चालकाला आधीच सांगितले, तर तो शिकारीमागे गाडी पळवत नाही.

सारे जुळवून पाहिले तर एकत्र कुटुंबाला, विशेषतः सोबत ज्येष्ठ असताना, मी केनियाच सुचवीन. सहा-सात जणांत एक गाडी भरते, त्यामुळे माणशी खर्च उतरतो. जपानमध्ये मात्र प्रत्येक तिकीट डोई मोजून. मुलांची आठवडाभराची शाळा बुडेल, ती बुडू द्यावी. जपान नवविवाहित जोडप्याने किंवा चालण्याची सवय असलेल्या तरुणांनी करावे. एप्रिलअखेरीस सुरू होणारी ‘गोल्डन वीक’ची गर्दी ओसरल्यावर मेच्या मध्यास निघावे. लग्नसराईत कापडाचे किंवा सोन्याचे दुकान सोडता आले तरच, अर्थात.

केनियासाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. तेथून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि ती लस किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. ही लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवून तयार होते. ज्यांच्या मनाला हे रुचणार नाही, त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वीच गुरुभगवंतांशी बोलावे. साठीपुढच्यांनी डॉक्टरांनाही विचारावे. दुसरी गोष्ट, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. तेव्हा खाखरे, थेपले आणि सुकी भाजी स्टीलच्या डब्यांतून किंवा कापडी पिशव्यांतूनच न्यावी.