कानात सतत आवाज येतो? तो थांबला नाही तरी त्रास कसा कमी होऊ शकतो, समजून घ्या

दिवसभर रिक्षांचे हॉर्न, ऑफिसमधला गोंगाट, घरचा टीव्ही यात काही जाणवत नाही. रात्री सगळं शांत झालं की कानात रातकिड्यांसारखी किर्रकिर्र सुरू होते. कुणाला कुकरची लांबलचक शिट्टी ऐकू येते, कुणाला जुन्या रेडिओची खरखर. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच ऐकू येत नाही.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार जगात ७४ कोटींहून जास्त लोकांना हा अनुभव येतो. त्यातल्या १२ कोटींहून अधिक लोकांसाठी ती मोठी समस्या आहे. संगीतकार बीथोवननेही १८०१ मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस वाजत असल्याची तक्रार केली होती.

आवाज येतो कुठून?

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यातल्या बारीक केसपेशी आवाज टिपून मेंदूकडे पाठवतात. वय, मोठा आवाज किंवा काही औषधं यामुळे या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू स्वतःचा 'व्हॉल्यूम' वाढवतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात. स्टेशन लागलेलं नसताना रेडिओचा आवाज वाढवला तर खरखरच वाढते, तसंच काहीसं इथे होतं.

काही रुग्णांची गाठ काढताना श्रवणाची नस कापावी लागते. त्या कानाने ऐकू येणं बंद होतं, तरीही अनेकांना तिथला आवाज येतच राहतो. म्हणजे जुन्या कर्णनादाचा कारभार बराचसा मेंदूत चालतो.

मग काहींनाच एवढा त्रास का?

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकणं व्यवस्थित असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं. त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला.

दुसरी गंमत अशी, की रुग्णाला ऐकू येणारा आवाज मशीनवर जुळवून पाहिला तर तो बहुतेकदा हळूच असतो. आवाज किती मोठा आणि त्रास किती, याचा थेट हिशोब जुळत नाही.

संशोधक पावेल जास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये याचं एक स्पष्टीकरण मांडलं. मेंदूने या आवाजावर 'धोका' असा शिक्का मारला, की तो त्याच्यावर पहारा ठेवतो. लक्ष गेलं की आवाज मोठा वाटतो, झोप उडते, काळजी वाढते आणि पुन्हा लक्ष तिकडेच जातं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपण विसरतो, कारण तिची भीती नसते.

'सवय करून घ्या' म्हणजे नेमकं काय करायचं?

अनेक रुग्णांना एवढंच सांगून घरी पाठवलं जातं. कसं, ते कुणी सांगत नाही.

● सीबीटी: ही विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत आहे. २८ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या अहवालानुसार तिने कर्णनादाचा जगण्यावरचा परिणाम कमी होऊ शकतो. इथे उद्दिष्ट आवाज बंद करणं नसतं, त्याची दहशत कमी करणं असतं.

● पूर्ण शांतता टाळा: झोपताना पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावा. कर्णनाद बुडवून टाकायचा नाही, त्याला सोबत द्यायची.

● ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र: बाहेरचे आवाज नीट पोहोचले की आतला आवाज अनेकांना कमी जाणवतो.

● हजेरी घेणं थांबवा: उठल्या उठल्या 'आहे का अजून?' हे तपासणं आणि मध्यरात्री उपायांचे व्हिडिओ पाहणं, दोन्हींमुळे पहारा कडक होतो.

याला काही महिने लागतात. झोप कमी झाली, ताण आला की आवाज पुन्हा वाढल्यासारखा वाटतो. म्हणून आधीची मेहनत वाया गेली असं होत नाही.

जाहिरातींपासून सावध

जुना कर्णनाद हमखास बरा करणारी गोळी आजतरी नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जिंको, झिंक, मेलाटोनिन अशा गोळ्या यासाठी सुचवू नयेत असं म्हटलं. कानात मनाने तेल किंवा थेंबही घालू नयेत.

डॉक्टरकडे कधी जायचं?

सवय करण्याची गोष्ट तपासणीनंतरची. कधीकधी कारण फक्त कानातला मळ असतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा गरगरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येणं कमी झालं किंवा चेहरा वाकडा झाला तर त्याच दिवशी गाठा, कारण तिथे उशीर महागात पडतो. चालू औषधावर संशय असला तरी ते परस्पर बंद करू नका.

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी आणि डीजेसमोर नाचणाऱ्यांनी इअरप्लग वापरावेत. पण घरात, रोजच्या साध्या आवाजात ते घालून बसू नये, शांततेत कर्णनाद जास्तच जाणवतो.

प्रगती मोजायची तर 'आवाज आहे का?' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. 'आज या आवाजामुळे माझं काय राहून गेलं?' हे विचारावं. फोनवरच्या गप्पा, दुपारची डुलकी, नातवाचा अभ्यास, यातलं एकेक परत यायला लागलं की गाडी रुळावर येत आहे असं समजावं. आणि जगणं नकोसं वाटण्याइतका त्रास होत असेल तर एकट्याने सोसू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.