विद्यार्थी आणि चर्च : लेखांक ६
आडोसा कुणाचा, आवाज कुणाचा

१८९५ साली स्वीडनमधल्या वाडस्टेना येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन झाला, तो इतिहास मागे येऊन गेला. दक्षिण आफ्रिकेत या महासंघाशी जोडलेल्या संघटनेची मात्र १९६५ च्या सुमारास वंशनिहाय वाटणी झाली आणि महासंघाशी असलेले तिचे नातेही तुटले. त्या रिकाम्या जागेत १९६७ मध्ये ग्रॅहम्सटाउन येथे युनिव्हर्सिटी ख्रिश्चन मूव्हमेंट उभी राहिली. मेथडिस्ट बेसिल मूर अध्यक्ष, कॅथलिक धर्मगुरू कॉलिन कॉलिन्स सरचिटणीस, आणि पाठीशी अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल व कॅथलिक ही चर्चे. संघटना जेमतेम पाच वर्षे जगली. तरीही तिच्यावर अख्खा लेखांक खर्च करावासा वाटतो, कारण समाजबदलाच्या कामात चर्चची कोणती मदत कामाची आणि कोणती अडचणीची, हे तिच्या आयुष्यात लख्ख दिसते. जागा, प्रवासखर्च, प्रतिष्ठित नाव आणि आडोसा चर्चने दिला, तेव्हा त्यातून चळवळ निघाली. पैशाच्या हिशेबासोबत विचारांचाही हिशेब मागितला गेला, तेव्हा सहकार्य ओसरू लागले.

नावाचा उपयोग कसा झाला तो आधी पाहू. १९५९ च्या कायद्यानंतर आफ्रिकी विद्यार्थ्यांची रवानगी स्वतंत्र विद्यापीठांत झाली होती आणि तिथले अधिकारी विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला दाराशीही उभे करीत नसत. धार्मिक नाव धारण केलेल्या संघटनेला मात्र सुरुवातीला तिथे वाव मिळाला. शिवाय राष्ट्रीय संघटनेत समतेची भाषा असली तरी गोऱ्यांचे बहुमत होते. १९६७ साली ग्रॅहम्सटाउनलाच तिची परिषद भरली, तेव्हा विद्यापीठाने वसतिगृहाची दारे आफ्रिकी प्रतिनिधींना बंद केली आणि त्यांना काळ्यांच्या वस्तीतल्या एका चर्चच्या सभागृहात झोपावे लागले. परिषदच तहकूब करा, हा स्टीव्ह बिको या काळ्या विद्यार्थी प्रतिनिधीचा ठराव रात्रभराच्या चर्चेनंतर फेटाळला गेला. (चर्चचे सभागृह इथे मदतीचे म्हणावे की भेदभावाची सोय लावणारे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.)

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, ख्रिस्ती चळवळीची परिषद स्टटरहाइमला भरली. प्रतिनिधींत काळे निम्म्याहून अधिक होते. कायद्याप्रमाणे आफ्रिकी माणसाला परवान्याशिवाय गोऱ्यांच्या हद्दीत ७२ तासांपेक्षा जास्त राहता येत नसे, आणि परिषद त्याहून मोठी. करायचे काय? वादावादीनंतर तोडगा निघाला : मुदत संपली की नगराची हद्द ओलांडायची, पुन्हा आत यायचे, नव्या ७२ तासांची मोजणी सुरू. कायद्याचे शब्द पाळून त्याची टर उडवणारा हा प्रकार गमतीचा वाटतो. पण हद्द ओलांडणे कुणाला भाग होते आणि कुणाला तो निव्वळ सोबतीचा सोहळा होता, हा फरक त्या येरझाऱ्यांत उघडा पडला. तिथेच काळ्या प्रतिनिधींनी वेगळी बैठक घेतली. तिच्यातून पुढे साऊथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन निघाली. १९६९ मध्ये टर्फलूपच्या विद्यापीठात तिची रीतसर स्थापना झाली आणि बिको पहिला अध्यक्ष झाला. 'काळे' या शब्दात तिने भारतीय वंशाचे विद्यार्थीही धरले. 'गोरे नसलेले' ही दुसऱ्याच्या मापाने केलेली ओळख तिने सरळ नाकारली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : धर्म हा केवळ बुरखा होता, चर्चचा वापर करून घेतला गेला. यात तथ्य आहे, पण अर्धेच. बुरखाच हवा असता तर चळवळीने १९७१ मध्ये कृष्णवर्णीय ईशविद्येचा प्रकल्प हाती घेतला नसता, की त्यासाठी चर्चासत्रेही भरवली नसती. देव कुणाच्या बाजूला उभा आहे, हा प्रश्न तिथे गांभीर्याने विचारला गेला. त्यातून निघालेल्या निबंधसंग्रहावर सरकारने बंदी घातली. बुरख्यातल्या ग्रंथांना सरकारे सहसा इतकी भीत नाहीत. उलट चर्चच्या नेत्यांना या प्रश्नाची आणि चळवळीच्या प्रयोगशील उपासनेची धास्ती वाटली. काही चर्चे मागे सरली. वर्गणी देणारे सभासद बहुधा गोरे असल्यावर असे होणारच, हे समजण्यासारखे आहे. म्हणून क्षम्य आहे, असे मात्र मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९७२ मध्ये ही चळवळ विसर्जित झाली, मग यश कसले? पण काळ्या विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना तोवर पायावर उभी होती. मिश्र संघटनेची गरज सरली होती आणि ती रेटून जगवण्याचा अट्टहास कुणी केला नाही. संस्था टिकवणे हेच ज्यांचे काम, त्या चर्चना अशा मरणाचा अर्थ लावणे जड जाते. शिवाय सहकार्य थांबले नाही, त्याने केवळ घर बदलले. गोरे धर्मगुरू बायर्स नॉडे यांची ख्रिश्चन इन्स्टिट्यूट आणि देशातल्या चर्चची परिषद यांच्या संयुक्त उपक्रमातून त्याच वर्षी ब्लॅक कम्युनिटी प्रोग्रॅम्स सुरू झाले आणि बिको तिथे नोकरीला लागला. १९७३ मध्ये बंदीहुकूम बजावून त्याला किंग विल्यम्स टाउनला धाडण्यात आले, तेव्हा १५, लिओपोल्ड स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत कार्यालय थाटले गेले. १९७५ मध्ये जवळच्या झिन्योका गावात झानेम्पिलो दवाखाना उघडला. डॉ. माम्फेला राम्फेले तो चालवत. इथे इमारत चर्चची होती, पैसा बराचसा चर्चच्या वाटेने येत होता, आणि काय करायचे ते काळे कार्यकर्ते ठरवत होते. स्टटरहाइमला जे जमले नव्हते, ते इथे जमले.

१२ सप्टेंबर १९७७ रोजी बिकोचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. १९ ऑक्टोबरला सरकारने संघटनांवर सरसकट बंदी घातली. तिच्यात काळ्या विद्यार्थ्यांची संघटना होती, ब्लॅक कम्युनिटी प्रोग्रॅम्स होते, आणि गोऱ्या धर्मगुरूने उभारलेली ख्रिश्चन इन्स्टिट्यूटही होती. कोण कुणाला आडोसा देत होते, याचा घोळ सरकारने घातला नाही.